अंगण कुणाचे? : ‘देवराई’च्या निमित्ताने

मराठी नाटक-कादंबरीत वेडा पुष्कळदा आला. पांढरपेशा लेखकाला तो तत्त्वज्ञ म्हणून हवा असतो, करमणूकवाल्याला हशा पिकवायला. ज्याच्या बोलण्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावरही येते असा आजारी माणूस म्हणून तो क्वचितच आला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाचे मोल इथे आहे. आणि म्हणूनच त्याची तपासणी आपल्या वस्तीच्या बाजूने व्हायला हवी.

शेषला (अतुल कुलकर्णी) स्किझोफ्रेनिया आहे. कोकणातल्या देवराईने त्याचे मन व्यापले आहे; त्याचे बोलणे त्या राईभोवती फिरत राहते. बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या घरी आणते, उपचार सुरू होतात. औषध लागतेच, आणि ऐकणारा माणूसही लागतो, हे चित्रपट आरडाओरडा न करता सांगतो. भाव्यांना वस्ती ठाऊक नव्हती असे कुणी म्हणू नये. आठ दलित स्त्रियांच्या कहाण्या त्यांनी एकत्र केल्या. गेल ऑम्व्हेट यांच्या अनुवादाने ते पुस्तक १९८८ मध्ये ‘पॅन ऑन फायर’ या नावाने इंग्रजीत आले. तेव्हा प्रश्न हेतूचा नाही. शेषच्या तुटक बोलण्याला घर मिळते, झाडे मिळतात, शिकलेली बहीण मिळते. हे सारे काढून घेतले तर त्या बोलण्याचे काय होते? घाटकोपर-भांडुपच्या डोंगरउतारावरच्या एका खोलीत, जिथे पाच-सहा माणसे पाळीपाळीने पाठ टेकतात, तिथला शेष कुणाला ऐकू येणार?

या आजारात भाषेचे नेमके काय होते, हे समजून घेतले पाहिजे. व्याकरण बहुधा शाबूत राहते. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी असतात. सुटतो तो वाक्यावाक्यांमधला धागा. त्याहून अवघड जाते ते न बोललेले ऐकणे. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधण्याची क्षमताच इथे अडखळते, असे ख्रिस फ्रिथ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये मांडले. बोरिवली लोकलमध्ये उभा असलेला माणूस तिघांच्या बाकाकडे पाहून ‘इथे चार बसतात’ म्हणतो. तो माहिती देत नसतो, ‘सरका’ म्हणत असतो. आजारी माणसाला कधी त्यात नुसता आकडा ऐकू येतो, तर कधी आपल्याविरुद्धचा कट.

तपासणीच्या खोलीत म्हणीचा अर्थ विचारण्याची पद्धत जुनी आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणजे काय? आपला दोष दुसऱ्यावर ढकलणे, असे उत्तर आले तर विचार शाबूत. माणूस अंगणावरच अडकला तर विचार ‘मूर्त’, म्हणजे आजाराची एक खूण. आता ज्याच्या तीन पिढ्यांच्या वाट्याला अंगण आले नाही तो म्हणाला, ‘साहेब, अंगण खरंच वाकडं असेल,’ तर हे कशाचे लक्षण समजायचे? एका म्हणीवरून कोणताही जाणता डॉक्टर निदान करत नाही, हे मान्य. पण म्हण कोरी नसते. ‘गाव तिथे महारवाडा’ हीही मराठीतली म्हणच आहे. तिचा अर्थ खालमानेने सांगणारा शहाणा आणि ऐकून उसळणारा रोगी, असे ठरवायचे का? बंगळुरूच्या निम्हान्समधील संशोधकांनी सामाजिक आकलनाच्या परदेशी चाचण्या २०११ मध्ये भारतीय परिस्थितीत बसवल्या. हे पुढचेच पाऊल. पण भारतीय परिस्थिती नावाची एकच वस्तू कुठे आहे?

‘आडनाव काय? गाव कुठलं?’ या प्रश्नांमागचा प्रश्न ऐकायला आपली पोरे फार लवकर शिकतात. मग संशय कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेधाला जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. ‘पोलीस आपल्याला मारायला येणार’ हे तिथल्या माणसाचे वाक्य भ्रम म्हणून लिहून घेण्यापूर्वी त्याचा पत्ता वाचावा लागतो. फरक करता येतो. खरी भीती शेजाऱ्यांशी वाटून घेता येते, पुराव्याने ती कमी-जास्त होते. भ्रमात माणूस एकटा असतो, आईचा शब्दही त्याला हलवत नाही. हा फरक वस्तीला पुष्कळदा डॉक्टरच्या आधी कळतो. तिला विचारतो कोण?

विचारले नाही तर काय होते ते अमेरिकेत दिसले. १९६८ मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी कृष्णवर्णीयांच्या विद्रोहालाच ‘प्रोटेस्ट सायकोसिस’ असे आजाराचे नाव दिले. ज्यांच्या पँथरकडे पाहून आपली पँथर १९७२ मध्ये उभी राहिली, त्याच लोकांची ही गोष्ट. आपल्याकडचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सामाजिक दर्जावरून आजार ठरवायला मनाई करतो, हे बरे झाले. मात्र प्रत्येक आजार हा विद्रोहच, असे म्हणणारे भाबडे क्रांतिकारकही आपल्यात आहेत. रात्र-रात्र आवाज ऐकणाऱ्या पोराला तुमचे रूपक नको असते. त्याला झोप हवी असते, गोळी हवी असते.

आणि आपले साहित्य? आत्मकथनाने आपल्याला बोलते केले खरे, पण त्यालाही स्मरण जुळलेला, वाक्य पुरे करणारा निवेदक लागतो. ज्याचे वाक्य मध्येच तुटते त्याला आपणही ‘ठाण्याला पाठवा’ म्हणून मोकळे होतो. तिथले इस्पितळ १९०१ पासून आहे, आणि मुलुंडच्या नाक्यापासून फारसे दूरही नाही. त्याची कहाणी घरात बसून लिहून घेणारे कुणी हवे. आई आणि बहीण तर सकाळी सहालाच धुण्याभांड्याच्या कामाला गेलेल्या असतात.