सुधाकराचा पहिला प्याला

चकली-करंजीच्या ताटाशेजारी गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ आणून ठेवणे म्हणजे सणासुदीला अभद्र बोलण्यासारखे आहे, हे मी जाणतो. घरात मुलेबाळे आहेत, सासरहून मुली आल्या आहेत, आणि हा मास्तर सुधाकर-सिंधूची रडकथा काय घेऊन बसला, असे कुणी म्हटले तर माझी तक्रार नाही. पण जिथे चार माणसे एकत्र बसली आहेत, तिथेच या नाटकाविषयी बोलावे असे मला वाटते. सुधाकर पितो गुत्त्यात. उद्ध्वस्त होते ते घर.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, आणि महिना उलटायच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास हे नाटक रंगभूमीवर आणले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. सिंधू बालगंधर्वांची आणि सुधाकर गणपतराव बोडसांचा. शंभरी ओलांडलेल्या या नाटकाचा निकाल आपण मात्र फार लवकर लावून टाकला. दारू वाईट, सुधाकर दारू प्याला, त्याचा सर्वनाश झाला, तात्पर्य, दारू पिऊ नये! मीही वर्गात वर्षानुवर्षे हेच तात्पर्य फळ्यावर लिहून देत आलो. त्यात खोटे काही नाही. पण तेवढेच असते, तर ज्याने जन्मात दारूला स्पर्श केला नाही अशा माणसाला हे नाटक पाहिल्यावर रात्री झोप का येऊ नये?

सुधाकराच्या हाती दारूचा प्याला येतो त्याच्या आधी काय घडते ते पाहा. सुधाकर बुद्धिमान, मानी आणि तापट वकील. भर कोर्टात त्याचा मुन्सफाशी खटका उडतो आणि काही काळापुरती त्याची सनद जाते. जिवाभावाचा मित्र रामलाल विलायतेच्या वाटेला लागलेला. जवळ उरतो तो तळीराम. अपमान गिळावा, असे आपण मराठीत म्हणतो. सुधाकराला तो गिळता आला नाही, म्हणून त्याने दारू गिळली. त्याचा पहिला प्याला अपमानाचा होता. तळीरामाने पुढे केला तो दुसरा.

इथे मला शेक्सपिअरच्या मॅक्‌बेथची आठवण होते. मराठी रसिकांना तो शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘मानाजीराव’मुळे आणि पुढे शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे ओळखीचा आहे. मॅक्‌बेथ घसरतो तो वर चढताना. त्याला सिंहासन हवे असते, आणि त्याची किंमत काय पडणार हे ठाऊक असूनही तो पुढे पाऊल टाकतो. सुधाकराला काहीच मिळवायचे नसते. त्याला फक्त घटकाभर विसरायचे असते. म्हणूनच मला सुधाकर अधिक भयंकर वाटतो. सिंहासनाचा मोह तुम्हांआम्हांला कुठून पडणार? पण घटकाभर विसरावे, असे कुणाला वाटले नाही?

माझेच सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळेच्या तपासणीत एका साहेबांनी भर वर्गात माझी टाचणवही भिरकावून दिली. समोर चाळीस मुले होती. मी खाली वाकलो, वही उचलली आणि ‘होय साहेब’ म्हणालो. संध्याकाळी घरी आलो. बायकोने चहा पुढे ठेवला. साखर थोडी कमी पडली होती. मी तो कप भिंतीवर फेकला. एकच प्याला, आणि तोही चहाचा! माझी धाकटी मुलगी मुकाट्याने काचा वेचीत होती. त्या क्षणी मला कळले की, सुधाकर होण्यासाठी दारूच लागते असे नाही.

गडकऱ्यांची खरी थोरवी मला दिसते ती सुधाकराच्या बुद्धीत. तो मूर्ख असता तर नाटक उपदेशाच्या पातळीवरच राहिले असते. आपण कुठे चाललो आहोत हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. दारूबाजाच्या अवस्था तो रामलालला अशा समजावून देतो, की जणू एखादा धन्वंतरी दुसऱ्याच कुणा रोग्याची नाडी पाहतो आहे. परंतु या ज्ञानाचा त्याला काडीचा उपयोग होत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची वकिली केलेला हा माणूस शेवटी आपल्याच व्यसनाचे वकीलपत्र घेतो, आणि दुर्दैव असे की तो खटला जिंकतो. सुटका का शक्य नाही, हे एकदा बिनतोड सिद्ध केल्यावर मग सुटायचे कशाला?

तरीही तो एकदा सुटू पाहतो. दारू सोडतो, कामाच्या शोधात बाहेर पडतो, आणि कालपर्यंत मान देणारे लोक त्याला हिडीसफिडीस करतात. पुन्हा अपमान, आणि पुन्हा प्याला! हे वर्तुळ पुरे होताना पाहून प्रेक्षकाने मान खाली घालावी; कारण पडलेल्याला शहाणपण सांगणारे पुष्कळ, काम देणारा कुणी नाही, हे चित्र आपलेच आहे.

आता कुणी म्हणेल, मग दोष जगाचा, सुधाकराचा नाही. गडकरी ही पळवाट ठेवीत नाहीत. त्याच नाटकात भगीरथ आहे. प्रेमभंगाने तोही बाटलीच्या नादी लागला होता. पण रामलालने दाखविलेली वाट धरून तो परत फिरतो. स्वतः रामलालचे मन शरदच्या ठायी नको तसे गुंतते. ते त्याला उमगते आणि तो ते आवरतो. तिघेही एकाच कड्यापाशी आलेले. दोघांना आपल्या चुकीची लाज वाटते, म्हणून ते मागे फिरतात. सुधाकराला आपल्या पराभवाची लाज वाटते. लाजेलाजेत हा एवढा फरक आहे.

नाटकात दोष नाहीत असे मी म्हणत नाही. भाषणे लांबतात, आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांत प्रेक्षक इतका हसतो, की दारूची भीती घटकाभर मोडून जाते. पण माझे खरे भांडण आहे ते सिंधूशी. दुसऱ्यांची दळणे दळून ती संसार ओढते, तिथे हात आपोआप जोडले जातात. परंतु नवऱ्याच्या हातून पोटचे मूल गेल्यावर आणि स्वतःला मरणाचा घाव बसल्यावरही ती फौजदाराला खोटे सांगून त्याला वाचवते! आपल्या आज्यापणज्या इथे पदराला डोळे पुसत आल्या. मला मात्र वाटते की, या मायेने सुधाकराचा उरलासुरला आधारही काढून घेतला. सरकारने शिक्षा केली असती, तर ती भोगून तो कदाचित माणूस म्हणून उभा राहिला असता. ती वाट बुजली, म्हणून त्याने स्वतःच न्यायाधीश होऊन स्वतःला विषाचा प्याला दिला.

हे लिहिण्याचे धैर्य मला आले, त्याला कारण आहे. त्या दिवशी काचांचा आवाज ऐकून शेजारीण डोकावली, तेव्हा माझी बायको हसून म्हणाली, “काही नाही हो, माझ्याच हातून कप निसटला.” ते वाक्य मला फेकलेल्या कपापेक्षा अधिक लागले. चार दिवस मी घरात अपराध्यासारखा वावरलो. मग एका रात्री वही भिरकावल्याची हकीकत तिला सांगितली. सांगताना आवाज फुटत नव्हता. ती म्हणाली, “एवढंच ना? मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

या एका प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सुधाकरापाशीही नसते. त्या कपाची बशी अजून आमच्या फडताळात आहे. यंदा बायकोने तिच्यात पणती ठेवली आहे.