शिखरवाङ्मयातील काठिण्याची कसोटी

गिरिभ्रमणाच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत शिखराच्या नावापुढे उंची, चढाईस लागणारा वेळ आणि श्रेणी अशा तीन नोंदी सहसा आढळतात. सह्याद्रीविषयक पुस्तकांत ही श्रेणी 'सोपी', 'मध्यम', 'कठीण' अशा शब्दांत दिलेली असते. स्विस आल्पाइन क्लबाने पायवाटांसाठी टी १ ते टी ६ अशी सहा पायऱ्यांची मोजपट्टी केली आहे. उंची आणि वेळ यांच्या शेजारी छापली गेल्यामुळे श्रेणीही मोजमापासारखीच वाटते. वस्तुतः ते मूल्यविधान आहे. 'कठीण' हा शब्द डोंगराविषयी जेवढे सांगतो त्याहून अधिक, चढणारा म्हणून कोण गृहीत धरला आहे हे सांगतो. पर्वतविषयक साहित्याच्या तौलनिक अभ्यासात उदात्ततेची पुष्कळ चर्चा झाली, दृश्यसौंदर्याचीही झाली. काठिण्य मात्र साहित्यबाह्य, व्यावहारिक तपशील म्हणून बाजूला राहिले. ते बाजूला ठेवल्याने या वाङ्मयाचा इतिहास कोठून मोजावयाचा हा प्रश्नही एकतर्फी सुटला आहे.

हा इतिहास प्रायः पेत्रार्कपासून मोजला जातो. २६ एप्रिल १३३६ ही तारीख धारण करणाऱ्या पत्रात त्याने प्रोव्हान्समधील व्हाँतू पर्वताच्या आरोहणाचे वर्णन केले आहे. पर्वत जेमतेम १,९०० मीटरचा. सोबत धाकटा भाऊ गेरार्दो. भाऊ सरळ, उभ्या वाटेने कड्याकडे निघतो. पेत्रार्क सोपी वाट शोधत पुनःपुन्हा खालच्या घळींत उतरतो आणि शेवटी दुप्पट श्रम करून त्याच ठिकाणी पोहोचतो. सोपी वाट लांबची ठरते, हा अनुभव तो लगेच आत्म्याच्या वाटचालीला लावतो आणि शिखरावर ऑगस्टिनचे आत्मनिवेदन उघडून वाचतो. काठिण्याचे नैतिक रूपकात झालेले हे स्थित्यंतर पुढील यूरोपीय शिखरलेखनाचा पाया ठरले. याकोब बुर्कहार्ट याने १८६० साली प्रसिद्ध झालेल्या रेनेसाँसविषयक ग्रंथात पेत्रार्कला पहिल्या संपूर्ण आधुनिक माणसांत स्थान दिले. त्यामुळे हे आरोहण निसर्गाकडे पाहण्याच्या आधुनिक दृष्टीचा आरंभबिंदू म्हणून रूढ झाले. हे पत्र बऱ्याच नंतर, सुमारे १३५३ मध्ये रचले गेले असावे, असे ज्युसेप्पे बिल्लानोविच यांनी दाखविल्यावरही त्या आरंभबिंदूला धक्का बसला नाही.

या पत्रातील एका पात्राकडे मात्र कोणी थांबून पाहत नाही. चढताना दोघा भावांना एक वृद्ध मेंढपाळ भेटतो. पन्नास वर्षांपूर्वी आपण शिखरापर्यंत गेलो होतो. पश्चात्ताप, श्रम आणि काट्याखडकांनी फाटलेले अंग व कपडे यांखेरीज हाती काही लागले नाही, असे तो बजावतो. पेत्रार्कच्या मजकुरात त्याचे कार्य इशारा देणाऱ्याचे, म्हणजे नायकाचा निर्धार उजळविणाऱ्याचे आहे. परंतु मजकुराच्या साक्षीनेच पाहिले तर शिखरावर आधी तो गेला आहे. त्याच्या चढाईत शरीराचे श्रम शरीराचेच राहिले, त्यांचे रूपक झाले नाही. 'प्रथम' हे विशेषण म्हणूनच आरोहणापेक्षा लेखनाला लागते.

पेत्रार्कच्या पत्रातील नैतिक काठिण्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकड्यांत उतरले. ह्यू मन्रो यांनी १८९१ साली स्कॉटलंडमधील ३,००० फुटांवरील शिखरांची कोष्टके प्रसिद्ध केली. पुनर्मोजणीनंतर आज त्यांची संख्या २८२ मानली जाते. या यादीत गवताळ पाठीचा निरुपद्रवी डोंगर आणि स्काय बेटावरील दोराशिवाय न चढता येणारा 'अगम्य सुळका' एकाच मोलाचे आहेत, दोहोंना एकेकच खूण. स्वतः मन्रो १९१९ मध्ये यादी पुरी न करताच वारले. कोष्टकाला वाङ्मय म्हणावे काय, हा प्रश्न येथे सोडून देता येईल; त्याने वाचकाची एक जात निर्माण केली, एवढे पुरे.

याच्या उलट बाजूस फुकादा क्यूया यांचे 'निहोन ह्याकुमेइझान' (१९६४) हे पुस्तक आहे. जपानमधील शंभर पर्वतांवरील हे छोटे निबंध एका साहित्यिकाने लिहिले असून त्यांची निवडही साहित्यिक आहे. पर्वताची प्रतिष्ठा, त्याचा इतिहास आणि त्याचे व्यक्तिमत्त्व या तीन कसोट्या फुकादांनी लावल्या. सुमारे १,५०० मीटरची किमान उंची त्यांनी ठरविली आणि ती मोडलीही: ८७७ मीटरचा त्सुकुबा आणि ९२४ मीटरचा काइमोन हे दोघेही शंभरांत आहेत. 'मान्योशू' या प्राचीन काव्यसंग्रहापासून कवितेत वावरणारा त्सुकुबा उंचीच्या अभावी वगळणे त्यांना अशक्य होते. येथे काठिण्य ही कसोटीच नाही. सहज चढता येणारा त्सुकुबा आणि साखळ्या धरून चढावयाचा त्सुरुगी एका मांडीवर बसतात ते मन्रोंच्या आकड्यामुळे नव्हे. दोघांनाही चरित्र आहे म्हणून. साहित्यसमीक्षेतील प्रमाणभूत ग्रंथांच्या यादीशी याचे साम्य उघड आहे, आणि तिचे दोषही येथे आले. पुढील दशकांत या शंभर पर्वतांवर रांगा लागल्या आणि एका माणसाची आवड राष्ट्राची मोजणी झाली. फुकादा १९७१ मध्ये कायागाताके या डोंगरावर मरण पावले; तो त्यांच्या शंभरांत नाही.

त्सुरुगीची हकीकत तर प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशीच भिडते. २,९९९ मीटरचे हे शिखर अजिंक्य समजले जाई. १९०७ साली लष्करी भूमापन विभागाचे पथक वर पोहोचले तेव्हा त्यांना तेथे गंजलेले पाते आणि परिव्राजकाच्या दंडाचे धातूचे टोक सापडले. शेकडो वर्षांपूर्वी कोणी गिरितपस्वी तेथे येऊन गेला होता. नित्ता जिरो यांची १९७७ ची कादंबरी याच मोहिमेवर आधारलेली आहे. व्हाँतूवरचा मेंढपाळ निदान बोलला. त्सुरुगीवरच्या तपस्व्याने केवळ दंडाचे टोक मागे ठेवले. 'कोणासाठी कठीण' हा प्रश्न जपानमध्ये आणखी एका अंगाने विचारावा लागतो. फुजीवर स्त्रियांना असलेली बंदी १८७२ साली उठली. ओमिने रांगेतील सान्जोगाताकेवर परंपरेने ती आजही पाळली जाते, आणि ओमिने फुकादांच्या शंभरांत आहे. तेथे अर्ध्या वाचकवर्गापुढील अडथळा खडकाचा नाही, त्यामुळे तो कोणत्याही श्रेणीत उतरत नाही.

नॅन शेपर्ड यांनी 'द लिव्हिंग माउंटन'मध्ये या सगळ्या व्यवस्थेकडेच पाठ फिरविली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत लिहिलेले आणि १९७७ मध्ये छापले गेलेले हे पुस्तक केर्नगॉर्म पर्वतांविषयी आहे. त्याच्या बारा प्रकरणांत पठार, पाणी, हिम, वनस्पती, झोप, इंद्रिये अशी शीर्षके आहेत. शिखरावर एकही प्रकरण नाही.

भारतीय परंपरेत शिखर टाळण्याला याहून जुने कारण आहे. केदारनाथाचे मंदिर ३,५८३ मीटरवर, ६,९४० मीटरच्या शिखराच्या पायथ्याशी आहे. यात्रा तेथे पूर्ण होते. कैलासाची परिक्रमा करावयाची असते, त्यावर पाय ठेवावयाचा नसतो. मराठी घरात जन्मलेल्या काका कालेलकरांनी गुजरातीत लिहिलेल्या हिमालयाच्या प्रवासातही वाट तीर्थाकडे जाते. कष्ट तेथे तपाचा भाग म्हणून येतात. ते जितके अधिक तितकी यात्रा मोलाची, म्हणून त्यांची श्रेणी लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मराठीत डोंगरमाथा साहित्यात आला तो गड म्हणून. गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गदर्शन', 'दुर्गभ्रमणगाथा' यांसारख्या लेखनाने जी घडण निश्चित केली तीत माथ्यावरून दिसणारा देखावा म्हणजे आसपासच्या गडांची हजेरी असते: हा राजगड, तो तोरणा, पलीकडे धुकटातला रायगड. इतरत्र जे निसर्गदृश्य ठरते ते येथे वाचावयाचे इतिहासपत्र होते. या घडणीची ताकद मोठी आहे. तिची किंमतही मोजावी लागली आहे. १,६४६ मीटरचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, पण तेथे गड नाही. म्हणून दुर्गवाङ्मयाला तेथे सांगण्यासारखे फारसे उरत नाही. तेथे आहे देवीचे लहानसे मंदिर आणि घरकामाच्या जाचाला विटून डोंगरावर निघून गेलेल्या मुलीची कथा. नवरात्रात पायथ्याच्या गावांतील बायाबापड्या शिड्या चढून जातात. मार्गदर्शिकेतील 'मध्यम' हा शब्द मुंबई-पुण्याहून शनिवारी रात्री निघणाऱ्याने स्वतःच्या दमावरून ठरविलेला आहे. डोक्यावर पूजेचे सामान घेतलेल्या बाईला तो कोणत्याच अर्थाने लागू पडत नाही.

दांडेकरांना ही उणीव कळत असावी, असे त्यांच्या कादंबऱ्या सुचवितात. 'माचीवरला बुधा'तला ठाकर राजमाचीवर इतिहास शोधीत नाही, राहतो. 'जैत रे जैत'मध्ये तर आरोहण हाच कथेचा कणा आहे. राणीमाशीने डोळा घेतला म्हणून नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरील पोळी उतरविण्यासाठी चढतो. दृश्याचा मोह नाही, विक्रमाची आस नाही, वैर आहे. मराठी समीक्षेने या कादंबरीचा विचार प्रादेशिक म्हणून केला, लोकतत्त्वांच्या अंगाने केला. शिखरारोहणाची कथा म्हणून तिला व्हाँतूच्या पत्राशेजारी ठेवले नाही. ठेवल्यास मेंढपाळाची बाजू प्रथमच आतून सांगितलेली दिसते. येथेही फाटलेले अंग आहे, येथेही हानी आहे: १९७७ च्या चित्रपटात चिंधीचा जीव जातो. पण हा चढणारा दुसऱ्याला परावृत्त करण्यासाठी वाटेत उभा नाही, तो कथेच्या मध्यभागी आहे. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आजही पोळी लागतात. नाग्याच्या बाजूने त्याची श्रेणी ठरवावयाची झाली तर खडकाच्या उभेपणाबरोबर मोहोळांचा हंगामही नोंदवावा लागेल.