होजाबायचा किल्ला : आख्यायिका आणि साक्ष

स्थलनिश्चितीसाठी प्रवासवर्णनाचा आधार घेताना त्यातील आख्यायिका गाळून उरलेला मजकूर पुरावा मानण्याची पद्धत संशोधनात रूढ आहे. सतराव्या शतकातील ऑटोमन प्रवासी एव्लिया चेलेबी याच्या दहा खंडांच्या ‘सेयाहतनामे’तील होजाबाय किल्ल्याची नोंद या पद्धतीचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दाखविते. काळ्या समुद्राच्या वायव्य किनाऱ्यावरील हा किल्ला नामशेष झाला असून त्या परिसरात आज युक्रेनमधील ओदेसा शहर उभे आहे.

आपला आप्त आणि आश्रयदाता मेलेक अहमद पाशा याच्या सेवेत असताना, १६५७ साली एव्लियाचा या भागात संचार झाला. नीस्टर नदीच्या मुखाजवळचे अक्केरमान आणि नीपरच्या मुखाजवळचे ओझी ही तेथील दोन मोठी ऑटोमन ठाणी होत. त्यांच्या दरम्यानच्या विरळ वस्तीच्या गवताळ मुलखात होजाबायची नोंद येते. पाचव्या खंडातील हा मजकूर त्रोटक असला, तरी त्यात तीन थर स्पष्ट दिसतात. पहिला आख्यायिकेचा : बायेझीद सुलतानाच्या काळात बाय नावाच्या धनिकाने परवानगी मिळवून खडकावर किल्ला बांधला, शिबंदी ठेवली, मेंढ्यांचे कळप बाळगले आणि त्याच्यावरून होजाबाय हे नाव पडले. दुसरा निरीक्षणाचा : समुद्रकाठच्या खडकावर जुन्या इमारती अजून दिसतात. तिसरा सूचनेचा : डागडुजी केल्यास मुलूख वसेल आणि वाट निर्धोक होईल.

स्थलनिश्चितीच्या दृष्टीने यांतील तिसरा थर सर्वांत मोलाचा आहे. नांदत्या किल्ल्याविषयी कोणी अशी सूचना करीत नाही; म्हणजेच १६५७ मध्ये होजाबाय निर्जन आणि पडझड झालेला होता. याउलट, सप्टेंबर १७८९ मध्ये दे रिबास याच्या तुकडीने जिंकलेला ‘येनी दुन्या’, म्हणजे ‘नवी दुनिया’, हा किल्ला ऑटोमनांनी १७६५ च्या सुमारास बांधला होता. या दोन वास्तू एकच मानण्याचा मोह एव्लियाच्या एका वाक्याने निकालात निघतो. त्या जागेचा इतिहास याहूनही मागे जातो. पोलिश इतिहासकार यान द्लुगोश याने १४१५ साली काचिबे नावाच्या बंदरातून कॉन्स्टँटिनोपलला धान्य पाठविले गेल्याची नोंद केली आहे.

या नोंदीपुढे बायची कथा टिकत नाही. अक्केरमान ऑटोमनांच्या हाती आले ते दुसऱ्या बायेझीदच्या काळात, १४८४ साली. तेव्हा काचिबेचा उल्लेख जवळपास सत्तर वर्षे जुना झाला होता. पहिल्या बायेझीदच्या राजवटीत (१३८९–१४०२) तर हा किनारा ऑटोमनांकडे नव्हताच. शिवाय तुर्कीत ‘बाय’ या शब्दाचा अर्थच धनवान. स्थळनामातून शब्द सुटा करून त्याला माणसाचे चरित्र बहाल करण्याची ही रीत स्थलपुराणांच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. तरीही ही कथा निरर्थक ठरत नाही. ती बांधकामाचा काळ सांगत नसली, तरी एका ओसाड किनाऱ्यावरचा ऑटोमन हक्क कोणत्या कथनातून सिद्ध केला जात होता, ते सांगते.

हीच क्रिया पुढे रशियन साम्राज्याने केली. कॅथरिन दुसरी हिच्या १७९४ च्या आज्ञेने बंदर-शहराची उभारणी सुरू झाली आणि १७९५ मध्ये ‘ओदेसा’ हे नाव रूढ झाले. हे नाव ज्या प्राचीन ग्रीक ओदेसोसवरून घेतले, ती वसाहत आजच्या बल्गेरियातील वार्ना येथे होती. चुकीच्या स्थलनिश्चितीतून नव्या शहराला अभिजात वंशावळ लाभली आणि होजाबाय हे नाव मागे पडले. ओदेसातील कॅथरिनचा पुतळा डिसेंबर २०२२ मध्ये, युद्ध चालू असताना, हटविण्यात आला; जानेवारी २०२३ मध्ये शहराच्या ऐतिहासिक मध्यभागाची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. शहराचा आरंभ १४१५ पासून मोजायचा की १७९४ पासून, हा वाद आता केवळ कालगणनेचा राहिलेला नाही.

अशा वेळी संहितेचे भान अधिकच आवश्यक ठरते. ‘सेयाहतनामे’ची इस्तंबूल येथे १८९६ पासून निघालेली मुद्रित आवृत्ती काटछाट व फेरफारांसह वाचकांपुढे आली, मूळ हस्तलिखितावर आधारलेली संहिता बऱ्याच उशिरा उपलब्ध झाली. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’बाबतही असेच घडले. चिंतामण विनायक वैद्य यांनी संस्कारित केलेली १९०७ ची आवृत्ती वाचकांच्या परिचयाची झाली आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनातून १९६६ मध्ये पुढे आली. दोन्ही ठिकाणी साक्षीदार आणि वाचक यांच्यामध्ये संपादकाचा हात आहे, आणि साक्ष तपासताना तोही तपासावा लागतो.

एव्लियाची साक्ष एवढीच आहे : १६५७ मध्ये या किनाऱ्यावर एका जुन्या किल्ल्याचे अवशेष उभे होते. तो कोणी बांधला, हे त्याच्या कथेवरून सिद्ध होत नाही. मात्र १७९४ पूर्वीचा किनारा रिकामा होता, या समजाला ती पुरेशी छेद देते. तिच्या आधारे कॅथरिनच्या जागी बायला संस्थापक म्हणून बसविणे म्हणजे एका आख्यायिकेच्या जागी दुसरी ठेवणे होय. हरवलेला किल्ला शोधताना हरवलेला संस्थापकही सापडलाच पाहिजे, हा आग्रह सोडल्यावरच प्रवासवर्णनाची खरी साक्ष ऐकू येते.