संक्षिप्त दाव्यातील अपील : हबटाऊन निर्णयाची चिकित्सा

करारभंगाच्या दाव्यात साक्षीपुरावा न नोंदविता निकाल देण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ मध्ये आहे. लेखी करारातून उद्भवणाऱ्या निश्चित रकमेच्या मागणीस ती लागू होते. निकालासाठीचे समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत प्रतिवादीने बचावाची परवानगी मागावयाची असते. ती नाकारली गेल्यास हुकूमनामा ठरलेलाच.

या विषयावरील प्रमुख निर्णय म्हणजे आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाऊन (२०१६). मुंबई उच्च न्यायालयाने हबटाऊन कंपनीस विनाअट परवानगी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती ४१८ कोटी रुपये जमा करण्याच्या किंवा तेवढे तारण देण्याच्या अटीवर आणली. मेकॅलेक निर्णयाची (१९७६) चौकट १९७६ च्या दुरुस्तीनंतर टिकत नाही, हे न्यायालयाचे प्रतिपादन योग्यच आहे. मात्र बचावाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका आल्यास रक्कम भरण्याची अट घालता येते, हे तत्त्व तपासून पाहावे लागते. उलटतपासणीच झालेली नसताना ही शंका केवळ प्रतिज्ञापत्रे वाचून ठरते.

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या जिनिंग व्यावसायिकाने लेखी कराराने यंत्र घेतले व ते हंगाम संपता संपता पोचले, असे समजा. विक्रेत्याची बाकी ही निश्चित रक्कम; तिच्यासाठी संक्षिप्त दावा चालतो. व्यावसायिकाचे नुकसान मात्र पुराव्याने सिद्ध करावयाचे, म्हणून त्यासाठी हा मार्ग बंद. एकाच कराराच्या दोन भंगांना दोन वेगवेगळ्या गती लाभतात.

खरी अडचण अपिलात येते. परवानगी नाकारणारा वा सशर्त देणारा आदेश आदेश ४३ मधील अपीलयोग्य आदेशांच्या यादीत नाही. अनुच्छेद २२७ खाली नागपूर खंडपीठाकडे जाता येते. पण तो पर्यवेक्षणाचा मर्यादित अधिकार. अन्यथा हुकूमनाम्याची वाट पाहून कलम ९६ चे अपील करावयाचे व कलम १०५ च्या आधारे मूळ आदेशावर आक्षेप घ्यावयाचा. तेथे आदेश ४१ आडवा येतो : केवळ अपील दाखल झाल्याने अंमलबजावणी थांबत नाही, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात स्थगितीसाठी रक्कम किंवा तारण द्यावे लागते. ज्या रकमेअभावी बचाव बुडाला, तीच पुन्हा मागितली जाते.

वाणिज्यिक न्यायालय अधिनियम, २०१५ मधील आदेश १३-अ याला उत्तर ठरत नाही, कारण मुळात आदेश ३७ खाली दाखल झालेले दावे त्यातून वगळले आहेत.

अवाजवी कठोर अटींनी विचारयोग्य मुद्दे दडपले जाऊ नयेत, असा इशारा हबटाऊन निर्णयातच आहे. तथापि ‘अवाजवी’ कशास म्हणावे याचे माप त्यातील सहा तत्त्वांत नाही; प्रतिवादीच्या ऐपतीचा तर उल्लेखही नाही. शंकेची कारणे व ऐपतीचा विचार मूळ आदेशात लेखी नोंदविणे बंधनकारक झाले, तर अपील न्यायालयासमोर तपासण्याजोगे काहीतरी राहील.