लायक, पात्र आणि उंच : एका निवडीवरच्या वादाची चिकित्सा

मित्रहो, मागच्या खेपेला आपण न्यायाच्या कल्पनेशी आलो होतो आणि 'ज्याचं त्याला' या सूत्रापाशी थांबलो होतो. ज्याचं त्याला म्हणजे नक्की कुणाचं काय, हा प्रश्न तेव्हा राहिला. आज तो मी जरा वेगळ्या मैदानावर नेणार आहे. म्हणजे खरोखरीच मैदानावर. तत्त्वज्ञानाच्या वर्गात बास्केटबॉल कशाला, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. थोडं थांबा. ॲरिस्टॉटलही तिथे येणार आहे, आणि तोही उंचीबद्दलच बोलणार आहे.

प्रसंग २५ जून २०१५ चा. ठिकाण न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचं बार्कलेज सेंटर. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचा वार्षिक 'ड्राफ्ट' होता. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीस संघ, दोन फेऱ्या, साठ निवडी. लिलाव नव्हे, आपल्या आयपीएलसारखी बोली नाही. संघ पाळीपाळीने नावं घेतात, आणि आधीच्या हंगामात जो संघ जास्त हरला त्याला सोडतीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त. पराभवाला बक्षीस देणारी ही व्यवस्था स्वतःच एका व्याख्यानाचा विषय आहे, पण ते जाऊ द्या.

न्यूयॉर्क निक्स हा संघ त्या हंगामात ८२ पैकी फक्त १७ सामने जिंकला होता. क्लबच्या इतिहासातली सर्वांत वाईट कामगिरी. त्यांना चौथा क्रमांक मिळाला आणि त्यांनी नाव घेतलं क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस. लाटव्हियाचा मुलगा, वय १९, स्पेनमधल्या सेव्हियाच्या संघातून खेळलेला, सात फुटांच्या वर उंच आणि काटकुळा. आपल्याकडे म्हणतात ना, ताडामाडासारखा वाढलेला. नाव पुकारल्याबरोबर प्रेक्षागृहातल्या निक्सच्या चाहत्यांनी हुर्यो उडवली. एक लहान मुलगा रडताना टीव्हीवर दिसला. मुलगा मंचावर हात मिळवायला चाललाय आणि ज्या गावासाठी तो पुढे खेळणार ते गाव ओरडतंय की याची लायकी नाही.

मला आज या ओरडण्याची चिकित्सा करायची आहे. 'चाहते अडाणी असतात' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खोटं आहे. त्या हुर्योमागे एक युक्तिवाद होता आणि तो बऱ्यापैकी मजबूत वाटणारा होता.

न्यूयॉर्कला एक जखम होती. १९९९ साली निक्सने पंधराव्या क्रमांकावर फ्रेडरिक वाइस नावाचा ७ फूट २ इंचांचा फ्रेंच खेळाडू घेतला. तो एनबीएत एकही सामना खेळला नाही. त्याच्यानंतर लगेच, सोळाव्या क्रमांकावर, शिकागोने घेतला रॉन आर्टेस्ट. म्हणजे न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात वाढलेला आणि तिथल्याच सेंट जॉन्स विद्यापीठातून खेळलेला पोरगा. घरचा सोडला आणि परका घेतला, असं शल्य. त्यात पुढच्या वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये विन्स कार्टरने याच वाइसच्या डोक्यावरून उडी मारून चेंडू टोपलीत घातला, आणि ते चित्र जगभर गेलं. (त्याच ऑलिंपिकमध्ये वाइसच्या फ्रान्सने रौप्यपदक मिळवलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.) शिवाय २००३ सालचा डार्को मिलिचिच होता. सर्बियाचा, सात फुटी, डेट्रॉइटने दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला. कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड हे तिघे त्याच्या मागे राहिले. डार्को चमकला नाही. तेव्हापासून कुणीही उंच युरोपियन मुलगा आला की 'हा दुसरा डार्को' हे वाक्य तयारच असायचं.

आता युक्तिवाद मांडू. उंच परदेशी मुलगे घेतले, ते फसले. हा उंच परदेशी मुलगा आहे. म्हणून हा फसेल. म्हणून हा चौथ्या क्रमांकाच्या लायक नाही.

आपल्याकडे याला शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. ही म्हण वाईट नाही, स्वयंपाकघरात ती खरी आहे. पण ती खरी का आहे? कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर शिजलेला असतो. शितं एकमेकांसारखी असण्याला कारण आहे. वाइस, डार्को आणि पोर्झिंगिस यांचं भांडं कोणतं? एक फ्रान्समधला, एक सर्बियातला, एक लाटव्हियातून स्पेनला गेलेला. तिघांची वयं वेगळी, तिघांचे प्रशिक्षक वेगळे, खेळ तर अगदीच वेगळा. 'उंच आणि परदेशी' हे भांडं आपण बाहेरून आणून ठेवलं. ह्यूमने अनुमानाबद्दल जी शंका काढली ती खोलवरची होती, इथे तेवढं खोल जायचंही कारण नाही. इथे चूक आधीच्या पायरीवर आहे. कुणाला कुणाच्या पंगतीला बसवायचं, तिथेच.

आणि पंगती लावण्यात एक पक्षपात आहे. १९८४ साली पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर केंटकी विद्यापीठाचा सॅम बोवी घेतला, ७ फूट १ इंच. त्याच्या मागे तिसऱ्या क्रमांकावर गेला मायकेल जॉर्डन. २००७ साली त्याच पोर्टलंडने पहिल्या क्रमांकावर ग्रेग ओडन घेतला, तोही सात फुटी, आणि केविन ड्युरंट मागे राहिला. बोवी आणि ओडन दोघांचंही दुखापतींनी नुकसान केलं. दोघे अमेरिकन. 'अमेरिकन उंच मुलांचं असंच होतं, घेऊ नयेत' असं म्हटलं का कुणी? नाही. बोवी फसला तो बोवी म्हणून फसला. डार्को फसला तो मात्र युरोप म्हणून फसला. गावातला मुलगा नापास झाला तर त्याने अभ्यास केला नाही. परगावचा नापास झाला तर 'ते लोकच तसले'. आपल्यातल्याचं अपयश त्याच्या एकट्याच्या खात्यावर पडतं आणि परक्याचं त्याच्या सगळ्या गोताच्या. मला या सगळ्या वादातला हाच भाग खरा गंभीर वाटतो, कारण तो बास्केटबॉलपुरता राहत नाही.

डर्क नोविट्स्की हा जर्मन मुलगा १९९८ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडला गेला होता. २००७ मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०११ मध्ये त्याने डॅलसला विजेतेपद मिळवून दिलं. तेव्हा तोही पंगतीत होताच की! पण दुधाने तोंड पोळलेल्याला ताकच दिसतं.

बरं, पुढे काय झालं? पोर्झिंगिसने पहिल्याच हंगामात सरासरी १४.३ गुण आणि ७.३ रिबाउंड केले, नवोदितांच्या पहिल्या संघात तो आला आणि न्यूयॉर्क त्याच्यावर फिदा झालं. मग हुर्यो उडवणाऱ्यांची टिंगल सुरू झाली. पाहा, किती चुकले! आणि इथे मला त्या हुर्योवाल्यांची थोडी बाजू घ्यायची आहे. कारण टिंगल करणाऱ्यांचा युक्तिवादही तितकाच कच्चा आहे. त्यांचं म्हणणं असं : तो चांगला निघाला, म्हणून निवड योग्य होती. हा निकालावरून निर्णयाचा न्याय आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचा गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. पुढचा अख्खा हंगाम गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये निक्सने त्याला डॅलसला देऊन टाकलं. मग आता हुर्योवाले बरोबर ठरले का? २०२४ मध्ये तो बोस्टनबरोबर विजेता झाला. पुन्हा चूक? निवड एका संध्याकाळी झाली. ती दर दोन वर्षांनी बरोबर आणि चूक अशी उलटीपालटी कशी होईल? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी 'नैतिक नशीब' म्हणून जो प्रश्न मांडला तो हाच. आपण माणसांचा न्याय अशा गोष्टींवरून करतो ज्या त्यांच्या हातात नव्हत्या. नेगेलला वाटतं की यातून सहज सुटका नाही. मी सहमत आहे, पण निदान एवढं तरी म्हणता येईल की गुडघा फाटणं हा निवडकर्त्याच्या शहाणपणाविरुद्धचा पुरावा नाही.

आता ॲरिस्टॉटल. 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात तो बासरीचं उदाहरण देतो. चांगली बासरी कुणाला द्यावी? जो चांगली वाजवतो त्याला. जो उच्च कुळातला किंवा देखणा आहे त्याला नव्हे. आणि गंमत अशी की त्याच चर्चेत तो उंचीचा उल्लेख करतो. कुणी उंच आहे म्हणून त्याला अधिकारपद द्यायचं का? हे त्याला हास्यास्पद वाटतं. गुण कामाशी जोडलेला हवा.

बास्केटबॉलने ॲरिस्टॉटलची थोडी पंचाईत केली आहे. टोपली जमिनीपासून दहा फुटांवर. इथे उंची हा कामाशी जोडलेला गुण आहे. प्रशिक्षकांमध्ये एक जुनं वाक्य फिरतं की बाकी सगळं शिकवता येतं, उंची शिकवता येत नाही. खरं आहे. पण पुरेसं आहे का? लांब बोटं बासरीला उपयोगी, म्हणून लांब बोटांच्या प्रत्येकाला आपण बासरी देणार नाही.

आणि उंची कुणी 'कमावलेली' नसते. १९७१ मध्ये जॉन रॉल्सने लिहिलं की निसर्गाने दिलेल्या गुणांचं श्रेय कुणाचंच नाही. तीन वर्षांनी रॉबर्ट नोझिकने त्याला उत्तर देताना उदाहरण घेतलं ते, बघा, बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं. लोक आपखुशीने तिकिटामागे पंचवीस सेंट त्याला देतात, दहा लाख लोक येतात, त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात. आता ते कुणाचे? त्याचे, त्याचा त्यावर हक्क आहे. नोझिकचा रोख उंचीवर नव्हता, व्यवहारावर होता. पण चेंबरलेन ७ फूट १ इंच होता हे विसरून ते उदाहरण वाचताच येत नाही.

इथे आपली भाषा मदतीला येते. इंग्रजीत एकाच शब्दावर ही सगळी भांडणं चालतात. आपल्याकडे तीन शब्द आहेत. 'हक्क' म्हणजे जे नियमाने माझं झालं आहे ते. 'लायक' हा अरबीतून आलेला शब्द, पण मराठीत 'लायकी काढणे' म्हणजे अपमान करणे. ती नेहमी दुसऱ्याने काढायची असते. आणि तिसरा 'पात्र'. पात्र म्हणजे भांडं. यात काय मावेल, हे सांगणारा शब्द. तो मागच्या कमाईबद्दल बोलत नाही, पुढे काय धरता येईल त्याबद्दल बोलतो. ड्राफ्टमध्ये हक्क कुणाचाच नसतो. तिथे अंदाज असतो तो पात्रतेचा. ब्रुकलिनमधले लोक काढत होते ती लायकी.

त्याच संध्याकाळी, त्याच सभागृहात, बऱ्याच उशिरा, बावन्नाव्या क्रमांकावर डॅलसने आणखी एक उंच परदेशी मुलगा घेतला. सतनाम सिंग भामरा. पंजाबमधल्या बर्नाला जिल्ह्यातलं बल्लो के हे गाव, शेतकऱ्याचा मुलगा, ७ फूट २ इंच, वय १९. लुधियानाच्या अकादमीतून तो चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला होता. भारतात जन्मलेला आणि ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅनडात जन्मलेला पंजाबी वंशाचा, ७ फूट ५ इंचांचा सिम भुल्लर सॅक्रामेंटो किंग्जकडून तीन सामने खेळला होता. त्या संघाचे प्रमुख मालक आपल्या मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. तेव्हा लगेच शंका निघाली की हे सगळं भारताच्या बाजारपेठेसाठी. सव्वाशे कोटी गिऱ्हाईकं, म्हणून एक सरदारजी.

बाजाराचा विचार कुणाच्या मनात नसेल असं मी म्हणणार नाही. संघ म्हणजे धंदा आहे. पण हेतू एक आणि औचित्य दुसरं, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. दुकानदार नफ्यासाठी वजन बरोबर करतो, म्हणून वजन चूक ठरत नाही. आणि क्रमांक पाहा. पहिल्या फेरीत निवडलेल्याला दोन वर्षांच्या पगाराची हमी असते, दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही. तिथे बहुतेक जण कधी स्थिरावतच नाहीत. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी सर्बियाचा निकोला योकिच एकेचाळिसाव्या क्रमांकावर गेला, टीव्हीवर जाहिरात चालू असताना. पुढे तो तीनदा सर्वोत्तम खेळाडू झाला. एवढ्या खाली एखाद्या मोठ्या भांड्यावर डाव लावणं मूर्खपणाचं नव्हतं. माझं मत विचाराल तर सतनामची निवड समर्थनीय होती. पोर्झिंगिसची तर होतीच.

सतनाम एनबीएत कधीच खेळला नाही. डॅलसच्या दुय्यम संघात, टेक्सास लेजंड्समध्ये, दोन हंगाम होता, आणि तिथेही त्याला मैदानावर थोडीच मिनिटं मिळाली. पुढे तो व्यावसायिक कुस्तीच्या मंचावर गेला. इकडे ज्यांनी २०१५ साली छाती फुगवली होती त्यांच्यातल्याच काहींनी नंतर म्हटलं, आमचं आधीच मत होतं, उंचीशिवाय होतं काय त्याच्याकडे? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

पण भांड्याची गोष्ट करतोय तर पूर्ण करू. भांडं रिकामं राहिलं, तर दोष भांड्याचा की ओतणाऱ्याचा? बासरी वाजवता येणाऱ्याला बासरी देणं सोपं आहे. ज्याला पुढे वाजवता येईल असं वाटतं त्याला देताना गुरूही द्यावा लागतो, आणि वेळही. बावन्नाव्या क्रमांकावर संघाला निवड जवळजवळ फुकट पडते, म्हणून तिथे वेळ घालण्याची गरजही त्याला वाटत नाही. चौथ्या क्रमांकाच्या मुलाला चुका करायला दोन हंगाम मिळतात, बावन्नाव्याला दोन आठवडे. मग आपण दोघांचे आकडे शेजारी ठेवतो आणि कोण लायक होता ते सांगतो.

रॉल्सने यावर काय म्हटलं असतं, ते पुढच्या व्याख्यानात. आता प्रश्न घेऊ. मागून कुणीतरी मघापासून हात वर केलाय, हं, बोला.