गाण्यांची जुळणी

सुंदर गाण्यांची बेरीज केली म्हणजे सुंदर मैफल होते, असा समज सध्यां घरोघरीं दिसतो. मोबाइलवर हजारों गाणीं हाताशीं आलीं आहेत. लग्नाकरितां, प्रवासाकरितां, सणासुदीकरितां जो तो आपली यादी करितो, आणि तिला 'प्लेलिस्ट' हें नांवहि रूढ झालें आहे. परंतु बहुतेक याद्या ऐकतांना दहावें गाणें लागेपर्यंत कान शिणतात. प्रत्येक गाणें उत्तम, एकंदर परिणाम मात्र फिका, असें कां व्हावें? आमच्या मतें दोष निवडींत नसून जुळणींत आहे.

या प्रश्नाच्या विचारास वाशीमचें स्मरण उपयोगी पडेल. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इसवी सनाच्या १० व्या शतकाच्या सुमारास झालेल्या राजशेखरानें 'काव्यमीमांसा' या ग्रंथांत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरांत लाविला आहे. 'साहित्य' म्हणजे मुळांत सहितपणा, सोबत. शब्द व अर्थ जसे एकमेकांच्या सोबतीनें शोभतात, तशींच गाणींहि शेजारच्या गाण्यामुळें उजळतात किंवा मावळतात.

ही सोबत कशी साधावी याचा उत्तम नमुना, महाराष्ट्रांत इतरत्र आहे तसाच, या वऱ्हाडांतहि कार्तिकांतल्या पहाटे ऐकूं येतो. तो म्हणजे काकडा. आरंभीं देवाला जागविणें; मग भूपाळ्या; पुढें वासुदेव, आंधळा, पांगुळ, जोगी यांचीं रूपकें; नंतर गौळणी; आणि अखेरीस काला. यांतलें पांगुळाचें पद सुटें ऐकिलें तर कित्येकांस साधेंच वाटेल. परंतु देव जागा झाल्यावर दाराशीं प्रथम येतो तो असहाय याचक, त्याच्यामागून दहीदुधाच्या गौळणी, आणि शेवटीं सर्वांनीं मिळून खावयाचा काला, हा ओघ ध्यानांत घेतला म्हणजे त्या साध्या पदाचें मोल कळतें. त्याच्यावांचून काल्याची गोडी उणी झाली असती.

"ज्याला जें आवडेल तें त्यानें ऐकावें, क्रमाचें बंधन कशास?" असें कोणी म्हणेल. पण काकड्यांत बंधन टप्प्यांचें आहे, पदांचें नाहीं. गौळणींची वेळ ठरलेली. कोणती गौळण म्हणावयाची हें गाणाऱ्यानें ठरवावें. ख्यालाच्या मैफलींतहि विलंबित आधीं, द्रुत मागाहून, आणि भैरवी झाली कीं बैठक उठते. रागांची निवड मात्र गवयाची.

हा ओघ तुटला तो यंत्रामुळें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांच्या गाण्याचें ध्वनिमुद्रण झालें. तेव्हांपासून तीनसाडेतीन मिनिटांचें तुकडेवजा गाणें घरांत आलें. तरीहि तबकडी उलटतांना पुढें काय लावावें याचा विचार माणसाला करावाच लागे. आजचें यंत्र तोहि विचार स्वतःकडे घेतें. आपली यादी संपली तरी तें तिच्यासारखींच आणखी गाणीं लावीत राहतें. सारखेपणा त्याला कळतो, समाप्ति कळत नाहीं.

म्हणून यादी करणारांस आमचें सांगणें इतकेंच कीं, शेवटचें गाणें आधीं ठरवावें. मग तेथवर पोंचविणारे चारपांच टप्पे आंखावे. एकाच लयीचीं तीन गाणीं लागोपाठ ठेवूं नयेत. भारी गाण्यामागें एखादें साधें ठेवावें, म्हणजे भारी गाणें मनांत मुरावयास अवसर मिळतो. आणि जेथें काकडा माणसांअभावीं ध्वनिवर्धकावर लावावा लागतो, तेथें निदान पदांची सरमिसळ करूं नये. अगोदर काला आणि मागाहून भूपाळी ऐकून वाढलेल्या मुलाला तीं पदें पाठ होतील, पण त्यांतली पहाट त्याला कधींच भेटणार नाहीं.