निवेदकाचे मौन

अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही कादंबरी १९२६ साली प्रसिद्ध झाली. तिचे स्थळ किंग्ज ॲबट हे इंग्लंडमधील एक निवांत खेडे होय. गावचा डॉक्टर शेपर्ड हाच निवेदक आणि अखेरीस खुनीही तोच ठरतो. यात वाचकाची फसवणूक झाली, असा आक्षेप घेण्यात आला. तो कितपत साधार आहे, हे निवेदनाच्या भाषेवरूनच ठरविले पाहिजे.

८ वाजून ४० मिनिटांनी ॲक्रॉइडकडे पत्र येते. ८ वाजून ५० मिनिटांनी शेपर्ड निघतो. मधली दहा मिनिटे तो गाळतो, परंतु त्यांविषयी खोटे लिहीत नाही. पुढे प्रेताजवळ एकटा असताना आपण आवश्यक ते उरकले, अशा आशयाचे तो सांगतो. येथे कर्ता स्पष्ट आहे, कर्म संदिग्ध आहे. मराठीत कर्ता गाळूनही असे वाक्य सहज साधते. परंतु भाषांतरकाराने तसे केल्यास कादंबरीच्या प्रामाणिकपणालाच बाध येईल. उघड उच्चारलेला ‘मी’ हाच वाचकाला दिलेला पुरावा होय.

शेपर्डची बहीण कॅरोलाइन घरबसल्या गावभरच्या वार्ता गोळा करते. अशा बोलक्या गावात डॉक्टरचे मितभाषण सभ्यतेचे लक्षण वाटते, आणि तेथेच वाचक चकतो. पुरावा त्याच्यापुढे असतोच. प्रतिष्ठेवरील विश्वासामुळे तो त्याला दिसत नाही. मात्र शेवटच्या प्रकरणात शेपर्ड स्वतःच आपल्या शब्दयोजनेचे कौतुक करतो. हा शोध वाचकावर सोपविला असता, तर कादंबरी अधिक समर्थ झाली असती.